काढलेला पार्ट

"हे डोळे काकांचे नाहीत."

"मग कोणाचे आहेत?"

"तेच तर विचारतेय. सकाळपासून तिसऱ्यांदा."

"डोळे ते डोळे. दोन आहेत, उघडे आहेत, समोर बघतायत. डोळ्यांकडून आणखी काय अपेक्षा असते तुझी?"

"ज्याचे आहेत त्याच्याच तोंडावर असावेत, एवढीच."

स्टुडिओच्या काउंटरवर अडीच फूट उंचीची फ्रेम उताणी पडली होती आणि तिच्या दोन बाजूंना नवरा-बायको उभे होते, ऑपरेशन फसल्यावर पेशंटच्या दोन बाजूंना उभे असावेत तसे. काचेखाली एक म्हातारं जोडपं होतं. त्यातल्या काकू तोंडभर हसत होत्या, हसता हसता नवऱ्याच्या खांद्यावर कलंडल्या होत्या. काकाही हसत होते. गाल वर गेले होते, पडलेल्या दाताची फट दिसत होती, आणि त्या हसऱ्या चेहऱ्याच्या मधोमध दोन टपोरे, गंभीर डोळे समोर बघत होते. हसण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. भाड्याने आणल्यासारखे ते तिथे बसले होते.

"मी जाताना काय सांगून गेले होते?" बायकोने विचारलं.

"हात लावू नका."

"मग?"

"बाकी कुठे लावलाय हात? फक्त डोळे उघडलेत."

काउंटरच्या टोकाला वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, पासपोर्ट फोटोंची पाकिटं मोजत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्याने चांगल्यासाठीच केलं ना. मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावतात का कोणी? बघणारा आधी खाली तारीख शोधेल, कधी गेले म्हणून."

हे बायकोला क्षणभर पटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

स्टुडिओ सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. सासरे फोटो काढताना "हलू नका" म्हणायचे आणि त्यांच्या दराऱ्याने माणसं श्वाससुद्धा घ्यायची नाहीत. त्या काळच्या फोटोंतली सगळी मंडळी डॉक्टरने वाईट बातमी सांगितल्यासारखी दिसतात. सून कॅमेऱ्यामागे उभी राहिली तेव्हा तिला हे चेहरे बघवेनात. कॅमेरा दिसला की माणूस आपला चेहरा आत ठेवतो आणि बाहेरचा काढून लावतो, हे तिच्या महिन्याभरातच लक्षात आलं. मग तिने एक युक्ती काढली. ती आधी एक फोटो काढायची, नावापुरता. मग कॅमेऱ्यावरून मान वर करून अगदी सहज म्हणायची, "झालं." त्याबरोबर खांदे खाली यायचे, पोट सुटायचं, कोणी शेजाऱ्याला चिमटा काढायचं, कोणी जांभई द्यायचं. तेवढ्यात बाईंचं बोट बटणावर. खरा फोटो तो.

गेली तीस वर्षं हेच चाललं होतं. गावात तिला सगळे झालंबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर पडेल इतक्या जवळून. या धंद्याचा एकच तोटा झाला. घरात तिच्या "झालं"वर कोणाचा विश्वास उरला नाही. "या जेवायला, झालं," असं म्हटलं तर तीन हाका होईपर्यंत कोणी जागचं उठत नसे.

नवरा आधी एका ऑफिसात होता. तिथून लवकर निवृत्ती घेऊन घरी बसला आणि सहा महिन्यांत स्टुडिओच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला चिकटला. फोटोतल्या पुटकुळ्या काढायला शिकला, मग सुरकुत्या, मग दुहेरी हनुवट्या. चकणे डोळे सरळ करू लागला. एका टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाला त्याने इतके दाट केस लावून दिले, की त्या माणसाच्या बायकोने फोटो घरात घ्यायचा नाकारला. बाजारात त्याला डॉक्टर हे नाव पडलं आणि त्याला ते मनापासून आवडलं. मागच्या खोलीत तो काम करत असला की दारावर आतून टकटक करून सांगायचा, "आत्ता नको, टाके घालतोय."

त्याची सगळ्यात गाजलेली शस्त्रक्रिया म्हणजे वन्संची. त्यांच्या हनुवटीवर उजवीकडे वाटाण्याएवढी चामखीळ होती. डॉक्टरने त्यांचा फोटो काढून घेतला, चामखीळ उडवली, जाता जाता दहा वर्षंही उडवली आणि तो फोटो बाहेरच्या शोकेसमध्ये लावला. येणारी गिऱ्हाइकं शोकेस बघायची, मग काउंटरवरच्या वन्संकडे बघायची आणि विचारायची, "ही तुमची धाकटी बहीण का?"

वन्सं म्हणायच्या, "हो."

तर अशा घरात घड्याळवाल्या काकांचे डोळे उघडले गेले होते.

काकांचं दुकान गल्लीच्या टोकाला, जिन्याखाली. दुकान कसलं, मोठं कपाटच. त्यात ते पन्नासेक वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसले होते. उजव्या डोळ्यात भिंग, डावा डोळा गच्च मिटलेला. इतकी वर्षं मिटून मिटून तो डावा डोळा पुढे अर्धाच उघडायचा. आणि हसले की दोन्ही मिटायचे, कुलूप घातल्यासारखे. आता हात थरथरू लागले म्हणून दुकान त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिराला देऊन दोघं मुलीकडे राहायला निघाले होते, दुसऱ्या गावी. कारागिराने एकच मागितलं होतं. दुकानाच्या भिंतीवर काका-काकूंचा मोठा फोटो हवा.

गेल्या आठवड्यात फोटो काढला. मोठ्या फ्रेमसाठी म्हणून नावापुरते दहा फोटो काढून झालंबाई नेहमीप्रमाणे म्हणाली, "झालं." काकांनी हुश्श केलं आणि बायकोला म्हणाले, "पोट आत ओढून ओढून माझी कंबर एक इंच मागे गेली." काकू कलंडल्या, काकांचे डोळे मिटले आणि बटण दाबलं गेलं.

स्क्रीनवर तो फोटो बघितला तेव्हा तिला खुर्चीवर बसावं लागलं. तीस वर्षांत तिने हजारो माणसं कागदावर उतरवली होती. बहुतेक फोटो दुसऱ्याच दिवशी विसरले जायचे, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. पण हा फोटो तिला स्वतःच्या भिंतीवर हवासा वाटला. काकांच्या मिटलेल्या डोळ्यांत सगळं होतं, दुकानही आणि संसारही. तिने साध्या कागदावर एक छोटा कच्चा प्रिंट काढला, डॉक्टरला दाखवला, "हा मोठा करायला पाठवा, हात लावू नका," असं बजावलं आणि ती एका शाळेचे फोटो काढायला दोन दिवस परगावी गेली.

आज सकाळी परतली, तर फ्रेम होऊन आली होती. संध्याकाळी पाचला काका-काकू न्यायला येणार होते. परवा त्यांची गाडी होती.

"मूळ फाइल काढा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दुसरा प्रिंट मारून आणू."

डॉक्टर फ्रेमच्या कोपऱ्यावरची धूळ पुसू लागला. धूळ नव्हती.

"अहो."

"त्याच फाइलवर सेव्ह झालं."

"झालं म्हणजे आपोआप झालं?"

"मी केलं."

"आणि त्या दिवशीचे बाकीचे दहा?"

"सगळ्यांत डोळे मिटलेले नाहीतर चकणे. खराब म्हणून काढून टाकले. कॅमेऱ्याच्या कार्डावर असतीलच की."

आता नसलेली धूळ पुसायची पाळी तिची होती. कार्ड तिनेच शाळेत नेलं होतं, आणि फोटो कॉम्प्युटरवर उतरवलेत म्हणून निर्धास्तपणे पुसून त्यावर चारशे मुलं काढली होती.

वरच्या मजल्यावरून मुलगी खाली आली. ती कॉम्प्युटरच्या कामात तरबेज होती आणि दोघांच्या भांडणात शक्यतो पडत नसे. तिने कार्ड घेतलं, पुसलेले फोटो परत आणायचा कसलासा प्रोग्रॅम लावला आणि तासाभराने सगळ्यांना बोलावलं. स्क्रीनवर वरचा तीन चतुर्थांश भाग राखाडी पट्ट्यांचा होता. खाली चार पाय दिसत होते.

"चपला स्वच्छ आल्यात," मुलगी म्हणाली. "काकूंची नवी आहे वाटतं."

"वर चढ ना जरा," झालंबाई म्हणाली.

"आई, ते झाड आहे का?"

मग उरला तो फक्त कच्चा प्रिंट. तो काउंटरवर नव्हता. वाया गेलेल्या प्रिंटांच्या पाठीवर वन्संना वाणसामानाच्या याद्या करायची सवय होती. ओट्यावरच्या डब्याखालून तो निघाला. मागे जाड शाईच्या पेनाने "साबण, दोरा, चहापूड" लिहिलेलं होतं आणि कागद साधा असल्यामुळे शाई पुढे उमटली होती. काकांच्या भुवईच्या वर, कपाळावर, उलट्या अक्षरांत चहापूड.

"मला काय माहीत हा ठेवायचा होता," वन्सं म्हणाल्या. "माणूस डोळे मिटून बसलेलं, मला वाटलं फुकट गेलेलाच आहे."

झालंबाईने एका हातात तो कागद घेतला, समोर फ्रेम ठेवली आणि इकडून तिकडे बघत राहिली. एकीकडे काका. दुसरीकडे काकांच्या तोंडातून कोणीतरी भलताच माणूस बघतोय. पण भलता म्हणावा तर ओळखीचाही. हे डोळे आपण पाहिलेत. रोज पाहतो. गॅस बंद केलात का असं विचारल्यावर जे डोळे असे मोठे होतात, की बघणाऱ्यानेच मुकाट्याने उठून गॅस बघावा.

तिने हळूच मान वर केली. डॉक्टर तिच्याकडे बघत होता. अगदी तस्सेच.

"तुमचे आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"डोळे. स्वतःचे बसवलेत तुम्ही काकांना."

"लाइट तपासायला तू मला रोज त्याच खुर्चीत बसवतेस. त्याच दिवशीचा, त्याच लाइटमधला माझा फोटो समोर होता. प्रकाश जुळत होता. दुसऱ्या कोणाचे लावले असते तर सावली चुकली असती." यात त्याला थोडा अभिमानही वाटत होता असं दिसलं.

मुलगी जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसली आणि तिने तोंडात ओढणी कोंबली.

"अगं हसतेस काय," वन्सं म्हणाल्या. "मी सांगते ते ऐका. फ्रेमला परत कागद गुंडाळा आणि देऊन टाका. म्हातारी माणसं, त्यांना काय दिसतंय. मोठी फ्रेम बघूनच खूश होतील. परवा जायचेत ते."

झालंबाईला मोह झाला नाही असं नाही. पाच वाजायला वीस मिनिटं होती. तिला वाटलं, देऊन टाकावी, रिक्षात बसवून द्यावं दोघांना आणि हा विषय आयुष्यात परत काढू नये. मग तिच्या मनात आलं, त्या जिन्याखालच्या भिंतीवर पुढची वीस वर्षं आपला नवरा टांगलेला राहणार. येता-जाता दिसणार. गॅस बंद केला म्हणून सांगत.

तरी डॉक्टरने फ्रेम गुंडाळली आणि तिने त्याला अडवलं नाही. ठरवायला वेळ मिळावा म्हणून. तो मिळाला नाही, कारण काका-काकू दहा मिनिटं आधीच आले. घड्याळवाल्यांचं ते एक असतंच.

काकूंनी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि स्वतःच कागद सोडवला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. आधी स्वतःकडे, मग चपलांकडे, मग नवऱ्याकडे. मग त्यांनी नुकताच कोणी परका पुरुष समोर आल्यासारखा पदर सारखा केला.

"छान मोठा झालाय," त्या म्हणाल्या. "पण हे कोण बघतायत माझ्याकडे?"

"काकाच ते," वन्सं म्हणाल्या.

"अगं बाई, यांनी मला दोन्ही डोळ्यांनी कधी बघितलंच नाहीये. लग्न ठरवायला आले तेव्हासुद्धा एकच उघडा होता. माझ्या वडलांना वाटलं, मुलगा मलाच डोळा मारतोय."

काकांनी खिशातून भिंग काढलं. ते अजून खिशातच असायचं. उजव्या डोळ्यात बसवलं, डावा मिटला आणि फ्रेमवर वाकले. काका कपाळापासून खाली आले, डोळ्यांपाशी थांबले, या डोळ्यावरून त्या डोळ्यावर गेले, परत आले.

"मशीन आमचंच आहे," ते म्हणाले. "हे दोन पार्ट ओरिजनल नाहीत."

मग तसेच भिंगासकट सरळ झाले आणि समोरच्या माणसांवरून एकेक करून नजर फिरवली. वन्संवरून गेले, झालंबाईवरून गेले आणि डॉक्टरपाशी अडकले.

"हं," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाला, "काका, मी सांगणारच होतो."

"पन्नास वर्षांत मी गिऱ्हाइकाला न विचारता पार्ट बदलला नाही. आणि बदलला तर काढलेला पार्ट कागदात बांधून परत दिला. गंजलेला असला तरी. ज्याचा पार्ट त्याचा." त्यांनी हात पुढे केला. "माझे कुठायत?"

ते रागावले होते की थट्टा करत होते, हे कळायला मार्ग नव्हता. एका डोळ्यात भिंग आणि दुसरा मिटलेला, अशा माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. डॉक्टर त्या पसरलेल्या हाताकडे बघत राहिला, आणि त्याचे कान लाल झाले.

झालंबाईने एका दमात सगळं सांगून टाकलं. फाइल, कार्ड, चारशे मुलं, चपला. स्वतःचा वाटाही वगळला नाही. मग म्हणाली, "काका, बसा परत. आत्ता काढते. उद्या सकाळी लॅबला धाडते, संध्याकाळी तुमच्या दारात आणून देते."

"आता कसला येतोय तसा," काकू म्हणाल्या, पण बसल्या. साडी घरातलीच होती. "अहो, बसा नीट."

बसले. आणि तिथेच घोडं अडलं.

काकांना आता आपल्या डोळ्यांची जाणीव झाली होती. त्यांनी ते उघडे ठेवायचा चंग बांधला. डावाही शक्य तितका ताणला. भूत बघितलेल्या माणसासारखे ते कॅमेऱ्याकडे बघू लागले.

"काका, सैल सोडा."

"सैलच आहे."

तिने नावापुरता फोटो काढला, मान वर केली आणि आयुष्यातलं सगळं कसब आवाजात आणून म्हणाली, "झालं."

काका हलले नाहीत. ओठ न उघडता म्हणाले, "अजून नाही झालं. मला ठाऊक आहे. दुसरा काढतेस तू."

"नाही काका, खरंच झालं."

"मागच्या वेळीही असंच म्हणालीस."

तिने लाइट बदलले, खुर्ची तिरकी केली, काकूंना डावीकडे बसवलं. मुलीला विनोद सांगायला लावला. काकांनी तो नीट ऐकून घेतला आणि शेवटी विचारलं, "मग पुढे काय झालं?" वन्संनी प्यायला पाणी आणलं. पाणी पिताना काका पूर्ण मोकळे होते, पेला खाली ठेवला की परत भूत. पाच वेळा "झालं" म्हणून झालं. सहाव्या वेळी तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तीस वर्षं ज्या शब्दावर स्टुडिओ चालला, तो गोटीसारखा गुळगुळीत होऊन हातातून निसटला होता. एका कागदावर चहापूड लावून ठेवलेला तिचा सगळ्यात चांगला फोटो, आणि समोर ताठ बसलेली दोन दमलेली माणसं.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "यांना सामान बांधायचंय अजून. आम्ही हीच नेतो फ्रेम. होईल कारागिराला सवय. तुझा नवरा काही दिसायला वाईट नाही."

"थांबा दोन मिनिटं," झालंबाई म्हणाली, पण कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की डॉक्टर इथे नाहीये. मागच्या खोलीचं दार बंद होतं. एवढं करून माणूस आत जाऊन बसला, म्हणून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आला, सरळ पडद्यासमोर काकांपाशी गेला आणि काही न बोलता एक छोटं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. पासपोर्ट फोटो घालून देतात तसलं.

काकांनी भिंग लावलं. पाकिटावर डॉक्टरच्या ऑफिसातल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"काढलेला पार्ट. नग दोन."

झालंबाईचं बोट आपोआप बटणावर गेलं.

काकांच्या थरथरत्या बोटांनी पाकीट उघडलं, पालथं केलं. तळहातावर कागदाचे दोन चिटुकले तुकडे पडले. कच्च्या प्रिंटमधून नखं कापायच्या कात्रीने कापलेले, काकांचे दोन डोळे. मिटलेले. उजव्याच्या वर भुवई होती आणि भुवईच्या वर अर्धी चहापूड.

काका भिंगातून त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टर समोर उभा होता, दोन्ही हात पुढे बांधून, साहेबांसमोर उभा राहावा तसा, आणि म्हणाला, "तपासून घ्या काका. नंतर तक्रार चालणार नाही."

"अगंबाई," काकू तळहातावर वाकल्या, "अहो, तुमच्या कपाळावर चहा मांडून ठेवलाय."

काकांच्या डोळ्यातलं भिंग टपकन मांडीवर पडलं. आधी पोट हललं, मग खांदे, मग गाल वर गेले, आणि दोन्ही डोळे मिटले, कुलूप घातल्यासारखे. काकू त्यांच्यावर कलंडल्या. तळहात तसाच पुढे होता, त्यावर ते दोन चिटुकले डोळे, तेही मिटलेले, जणू तेही हसत होते.

बटण दाबलं गेलं. एकदाच.

आणि मग झालंबाईच्या तोंडून निघालं, "झालं."

काकांनी हसतच डोळे पुसले. "काय झालं?"

"फोटो, काका."

"कधी?"

यावेळी शब्द आधी आला नव्हता, नंतर आला होता. हे तिच्याशिवाय आणखी कोणाच्या लक्षात आलं असेल तर ते डॉक्टरच्या. तो तिच्याकडे बघत होता, पण गॅसवाल्या डोळ्यांनी नव्हे.

काकांनी ते दोन तुकडे पाकिटात घातले, पाकीट भिंगाशेजारी खिशात ठेवलं. जाताना फ्रेमकडे बोट दाखवून डॉक्टरला म्हणाले, "हे तुम्ही ठेवा. पार्ट तुमचेच आहेत. फक्त तुमचा डावा जरा मागे पडतोय, दाखवून घ्या कोणाला तरी."

ते गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं. मुलीने चहा केला. चौघं मागच्या बाकावर आणि स्टुलांवर बसली. कॉम्प्युटरवर नवा फोटो उघडलेला होता. झालंबाईने तो तीन ठिकाणी साठवून ठेवला होता आणि चौथ्या ठिकाणी साठवायला मुलीला वर पाठवून परत बोलावलं होतं. जुन्यापेक्षा हा चांगला होता. जुन्यात दोन माणसं हसत होती, यात का हसतायत तेही होतं.

"तळहातावर जरा सावली आलीय," डॉक्टर हळूच म्हणाला. "तेवढी काढली तर—"

तिघी त्याच्याकडे बघू लागल्या.

"नाही, राहू दे," तो म्हणाला.

वन्संनी बशीत चहा ओतला. "शेवट गोड झाला ना, मग आता तोंडं कशाला पाडून बसायचं. आणि काही म्हण, सुचलं त्यालाच. तुझं 'झालं' काही कामाला आलं नाही."

"नाही आलं," झालंबाई म्हणाली.

तिने कप खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज अगदी साधा होता, वाण्याला यादी सांगावी तसा.

"ऐका सगळे. उद्यापासून फोटोतलं फक्त आठ दिवसांत आपोआप जाणारं काढायचं. पुटकुळी, ओरखडा, शर्टावरचा डाग. जे जन्माचं आहे ते तसंच राहणार, गिऱ्हाइकाने पाय धरले तरी. काही काढलंच तर पाकिटात घालून परत द्यायचं. तुम्ही," ती डॉक्टरला म्हणाली, "सकाळी मागच्या खोलीत बसायचं नाही. बाहेर, माझ्या शेजारी, कॅमेऱ्यापाशी उभं राहायचं आणि माणसांशी बोलायचं. माझा शब्द आता जुना झालाय."

"मी काय बोलू?" डॉक्टर म्हणाला.

"आज बोललात ते."

"बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. आपल्याला यातलं काहीच लागू नाही, अशा समाधानाने त्यांनी बशी तोंडाला लावली.

"आणि वन्सं, शोकेसमधला तुमचा फोटो मी मघाशी उतरवलाय. तिथे काका-काकू लागतील, आणि त्यांच्या शेजारी तुम्ही. उद्या सकाळी दहाला तुमचा नवा फोटो काढायचाय. चामखिळीसकट."